बंगईच्या फळीखालचा पंप

आमच्या जुन्या व्हॅनची पेट्रोलची टाकी मागच्या तळाखाली आहे, आणि पंप त्या टाकीच्या आत. ही अक्कल ज्याची, त्याला अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, भर उन्हात पालथं झोपवावं, असं मी त्या दिवशी मिस्त्रींना तीनदा ऐकवलं. ते गाडीखाली डोकावत राहिले, म्हणून आणखी चिडलो.

आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला आडवं ठेवूनच न्यावं लागतं, म्हणून व्हॅनमध्ये मीच पलंग करवला होता. फळी घरच्या बंगईची, अख्ख्या सागवानाची. वडील मरेपर्यंत त्या झोपाळ्यावर बसले, त्यामुळे सुताराला तिच्यावर आरी लावू दिली नाही. हलू नये म्हणून खालचे नटही वेल्ड करून घेतले.

त्या दिवशी वलगावला निघालो होतो. मावशीने अन्न सोडलं होतं. अँब्युलन्समधून जायला आई तयार नव्हती. दारात ती गाडी पाहून बहीण घाबरेल म्हणाली. गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली.

मिस्त्रींना बोलावलं, तर पंप गेला होता. त्यावरचं झाकण नेमकं फळीखाली, मध्ये हात जाईना. ग्राइंडरने नट कापावेत तर खाली पेट्रोल. फळी कापा, नाहीतर खालून टाकी उतरवतो, उद्या संध्याकाळ होईल, असं मिस्त्री म्हणाले. मी कंपनीला, वेल्डरला, सुताराला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

"कंपनीनं झाकण देलं होतं, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "त्याच्यावर कुलूप तुमी लावलं."

खरं होतं, म्हणूनच अंगाची आग झाली. टाकी उतरवा, फळीला हात लावायचा नाही, असं मी ठणकावलं.

आई त्याच फळीवर पडून सगळं ऐकत होती. "माही बहीण वाट पाहून राहिली," ती म्हणाली, "अन् तू लाकूड जपून राहिला. काप म्हन त्याले."

शेजाऱ्यांची खाट आणून तिला सावलीत ठेवलं. आरी चालू झाली तेव्हा मी तोंड फिरवून उभा होतो. कोणावर चिडावं तेही कळेना.

नवा पंप बसवून, आईला परत गाडीत आडवं करून, दिवस मावळायच्या आत वलगावला पोचलो. मावशीने आईला ओळखलं, तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेली. टाकी उतरवून गाडी ज्या संध्याकाळी तयार व्हायची होती, त्या संध्याकाळी आम्ही वलगावच्या स्मशानात होतो.