आधी बसा, मग सांगते

"आधी बसा, मग सांगते." हे तिचं पालुपद, अगदी दोन वेण्यांच्या वयापासूनचं.

तुमच्यापैकी अनेकांनी तिला परदेशी वाहिनीवर झोकात इंग्रजी बातम्या देताना पाहिलं असेल. आम्ही तिला धापा टाकत दारात उभी पाहिली आहे. नव्वदीच्या सुरुवातीला पंचवटीतल्या आमच्या गल्लीत फोन एकच, तोही तिच्या वडिलांकडे, फुलांच्या धंद्यापायी. कुणाचाही निरोप आला की ही धावत यायची आणि समोरच्याला बसवल्याशिवाय तोंड उघडायची नाही. एकदा शेजारच्या काकू घाबरून ओरडल्या, "अगं, कोण गेलं ते तरी सांग!"

"गेलं नाही काकू, आलंय! तुमच्या इगतपुरीच्या लेकीला मुलगा झाला."

काकूंनी आधी तिला धपाटा घातला, मग हातावर साखर ठेवली.

पुढे ती शहरातल्या केबलवर बातम्या देऊ लागली, मग दिल्ली, मग थेट परदेश. आम्ही कॉलर ताठ करून सांगायचो, "आमच्या गल्लीतली!" वडील गेले आणि घरात आई एकटी उरली. माउलीला इंग्रजी ओ की ठो कळत नसे, पण रोज दुपारी ती टीव्हीसमोर बसायची. "आज जेवली नाही वाटतं पोर," एवढंच तिला त्या बातम्यांतून समजायचं. फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" उत्तर ठरलेलं, "दिवाळीला नक्की." दिवाळी आली की जगात कुठेतरी निवडणूक तरी असायची, नाहीतर युद्ध. मला तिचा फार राग यायचा. तिच्या आईला कधी आला नाही.

त्या दुपारीही आई टीव्हीसमोरच होती. मी शेजारून ताक द्यायला गेले तर मान कललेली, हात गार. डॉक्टर येऊन गेले, गल्ली जमली, पण टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पडद्यावर ही साऱ्या जगाची खबर देत होती, मधेच हसत होती. तिच्या घरातली बातमी तेवढी तिला ठाऊक नव्हती. माझा सगळा राग तिथेच विरला. वाटलं, पुढे होऊन त्या काचेवर हात ठेवावा.

बातम्या संपल्यावर मी फोन लावला.

"आधी बस," म्हटलं.



"बसलेलीच आहे गं," ती म्हणाली. "आई ना?"