गव्हाणीतली पुस्तकं

मी राहते तो सोलापुरातला एक जुना बग्गीखाना. मधे भिंती घालून त्याच्या खोल्या केल्यात. माझी खोली सगळ्यांत हवेशीर. दगडी कमान, उंच छत, समोरासमोर दोन झरोके. भिंतीत एक लांब दगडी कोनाडा आहे, त्यात मी पुस्तकं लावली होती. पूर्वी इथं मालकांचे पाहुणे उतरत असतील, असं मी मनाशी धरून चालले होते.

आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. खोली पसंत पडली नाही तर मला परत न्यायचं, असं ठरवूनच माझे वडील, आबा, वर्षभरानं पहिल्यांदा ती बघायला आले होते. ते सांगोल्याकडं मेंढरं राखतात. पुस्तकं बाजूला सारून त्यांनी कोनाड्याच्या गुळगुळीत काठावरून हात फिरवला.

"ही गव्हाण हाय, पोरी. घोड्यांच्या मानंनं दगड झिजलाय बघ."

मी खोलीभर नजर फिरवली. फरशीचा उतार, कडेची नाली, भिंतीतल्या दोन लोखंडी कड्या. त्या कड्यांना दोरी बांधून मी वर्षभर कपडे वाळत घालत होते. आता आबा मला घेऊन जाणार, एवढंच डोक्यात होतं.

घरमालकीण काकू चहा घेऊन आल्या. आबांनी विचारलं, "घोडी हितं, मग माणसं कुटं ऱ्हायची?"

"घोडे सांभाळणारे ना? वर माळ्यावर. बायकापोरांसकट," काकू सहज म्हणाल्या. "जूनपासून तिथं कॉलेजची एक मुलगी भाड्यानं ठेवणार आहे."

आम्ही शिडीनं वर गेलो. मलासुद्धा ताठ उभं राहता येईना. झरोका एकही नव्हता. तुळईवर दिव्याची काजळी, आणि तिच्यात उमटलेले लहान मुलाचे पंजे. ती माणसं जिथं निजत, तिथं मी माझ्या रिकाम्या बॅगा ढकलल्या होत्या.

"जनावराला दोन झरोके," आबा हळू म्हणाले. "माणसाला एक न्हाय."

खाली आल्यावर आबांनी पुन्हा दोन्ही झरोक्यांकडं बघितलं. शेवटी मीच विचारलं, "कपडे भरू का, आबा?"

"कशाला? घोड्याला ओल सोसत न्हाय, वारा लागतो. खोली चांगली हाय. ऱ्हा की." मग काकूंकडं वळून म्हणाले, "पर त्या पोरीला वर नगं. हितंच गादी टाका तिची."

"एका खोलीत दोघी?"

"दोन घोडी मावत हुती, बाई."

जूनमध्ये ती आली. गव्हाणीची अर्धी बाजू मी तिच्या पुस्तकांसाठी मोकळी ठेवली होती.