मारुतीला केलेले रोडगे

छपराच्या टिनांवर गोटे ठेवा, असं घरमालकानं आम्हाला दोनदा बजावलं होतं. पण आमचे हे नुकतेच गुरुजी झालेले. दिवसभर चाळीस पोरांना शिकवणारा माणूस दुसऱ्याचं ऐकेल कशाला? "चांगले खिळे ठोकलेत," म्हणाले, आणि विषय संपला.

डोणगावपासून दीड-दोन कोसांवरचं ते गाव, ह्यांची पहिली नेमणूक. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी वीस वर्षांची, मुलगी सहा महिन्यांची, आणि सगळा संसार एका खोलीत. खोली गावाच्या अगदी शेवटाला होती. मागे एक कोरडा नाला आणि नाल्यापलीकडे दहा-बारा घरांची बौद्ध वस्ती. वर्षभरात मी तो नाला एकदाही ओलांडला नव्हता. कधी काम पडलं नाही, असं मी तेव्हा सांगितलं असतं.

वैशाखातली दुपार होती, चारचा सुमार. आभाळ मातकट झालं, शेजारची म्हैस दावं तोडायला लागली आणि वावधान सुटलं. आमच्याकडे वादळाला वावधान म्हणतात. आधी धूळ आली, मग वारा, मग दोन्ही मिळून. डोक्यावर टिनं थडाथडा वाजायला लागली तशी ह्यांनी आढ्याच्या लाकडावरून दोर टाकला आणि त्याला लोंबकळले. गावात सगळेच तसं करायचे, छप्पर खाली ओढून धरायला. पण त्यासाठी अंगात वजन लागतं, आणि आमचे हे तेव्हा अगदीच काटकुळे. एका झटक्यात वाऱ्यानं छप्पर उचललं, ह्यांनाही हातभर वर नेलं आणि खाली आपटलं. खरं सांगते, मला हसू आलं. तेवढ्यात मागची भिंत ढासळली आणि हसू जागच्या जागी विरलं.

वरून गारा सुरू झाल्या. गावाच्या बाजूला उडालेली टिनं भिरभिरत होती, तिकडे जायची सोय नव्हती. नाल्यापलीकडच्या पहिल्याच घराच्या दारात एक बाई हात हलवून बोलावत होती. मी मुलीला पदराखाली घेतलं आणि आम्ही पळालो.

"या बाई, आत या. लेकरू भिजून राह्यलं."

घर बुटकं, मातीच्या जाड भिंतींचं. ह्यांना वाकून आत जावं लागलं. त्या बुटकेपणामुळेच ते उभं राहिलं असावं, वारा वरून निघून जात होता. आत ती, तिचा नवरा, म्हातारी सासू, माझ्या मुलीच्याच वयाचा तिचा मुलगा आणि एक शेळी. आम्ही शिरलो तेव्हा तिच्या नवऱ्यानं शेळीला कोपऱ्यात सरकवून आम्हाला जागा केली.

मुलगी रडायची थांबली होती, आणि त्याचीच मला भीती वाटली. ओठ काळेनिळे पडले होते. त्या बाईनं काही न विचारता तिची ओली कापडं काढली, कोरड्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तव्यावर ओवा तापवून त्याच्या पुरचुंडीनं छाती-पाठ शेकली. बऱ्याच वेळानं मुलगी कण्हली. मी तिला अंगावर घेतलं, पण धसक्यानं माझं दूधच येईना. ती चोखायची, सोडायची आणि मान टाकायची. मला काही सुचत नव्हतं.

ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "माह्या अंगावर दूध आहे. पाजू काय? पन तुम्ही हाव म्हना आधी."

माझं लेकरू हातचं जात होतं आणि ती माझी परवानगी मागत होती. मी हो म्हणाले. तिनं एका मांडीवर स्वतःचा मुलगा घेतला, दुसऱ्या मांडीवर माझी मुलगी. मुलगी पोटभर प्याली आणि तिच्याच मांडीवर झोपली. माझ्या मुलीला हे इथं वाचूनच पहिल्यांदा कळेल.

रात्री मी त्या घरचं पाणी प्यायले, भाकरी खाल्ली आणि त्यांच्या गोधडीत झोपले. सकाळी उजाडल्यावर आम्ही निघालो, तर ती मुलीची कापडं चुलीवर वाळवून, घडी घालून घेऊन आली. गावातली निम्मी घरं उघडी पडली होती. ज्यांचं छप्पर गेलं ते सगळे मारुतीच्या पारावर जमले होते, आम्हीही तिथं तासभर टेकलो. मग शाळेचा एक वर्ग उघडून घेऊन त्यात भांडी मांडली. रात्र कुठं काढली, हे त्या गडबडीत आम्हाला कोणी विचारलं नाही.

विचारलं ते सासूबाईंनी. जानेफळला त्यांना बातमी कळली आणि तिसऱ्या दिवशी त्या एसटीनं डोणगावला आणि तिथून भर उन्हात पायी आल्या. नातीला छातीशी धरून रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "वावधानाच्या राती कुठं होते तुम्ही?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"काऊन बोलून नाही राह्यला बे?"

मी पटकन म्हणाले, "मारुतीच्या देवळात."

सासूबाई दुष्ट नव्हत्या. हे लिहिलं नाही तर सगळं त्यांच्यावर ढकलल्यासारखं होईल. पण शिवाशीव त्यांच्या हाडीमाशी होती. मजूर बाईच्या हाताचा घडा लागला म्हणून भरलेला रांजण ओतून देताना मी त्यांना पाहिलं होतं. माझ्या मुलीला त्या परत मांडीवर घेणार नाहीत, असं मला वाटलं. त्या सकाळी तासभर पारावर बसलो होतो, खोटं बोलायला मला तेवढा आधार पुरला. आणि फळ्यावर 'सर्व माणसे समान आहेत' असं सुंदर अक्षरात लिहिणारे आमचे हे, चपलेचा अंगठा सैल झाला होता तो नीट करत बसले.

सासूबाईंनी तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले. "माह्या नातीले मारुतीरायानं राखलं. शनिवारी रोडगे करू."

आमच्याकडे मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य असतो. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. अशा पडझडीत तो घाट कशाला, असं ह्यांनी म्हणून पाहिलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. शनिवारी देवळापुढे गोवऱ्या पेटल्या आणि गाव जेवायला आलं. पंगतीला त्या प्रत्येकाला हकिकत सांगत होत्या. दर वेळी मारुतीचा पराक्रम थोडा वाढायचा. चौथ्या खेपेला तर त्यानं शेपटीनं दार धरून ठेवलं होतं. मी मान खाली घालून वरण वाढत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

एक म्हातारे पाटील जेवताना वर बघून म्हणाले, "पन सूनबाई, या मंडपाची टिनं तं सारी उडाली. तुम्ही बसल्या कुठं?"

देवळाचा मंडप खरोखरच बोडका झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाभाऱ्यात."

पंगतीतले घास हातातच राहिले. त्या गावात मारुतीच्या गाभाऱ्यात बायका जात नसत. उंबरठ्याबाहेरूनच हात जोडायचे. खोटं झाकायला गेले आणि नवाच गुन्हा कबूल करून बसले. भाजीचं भगुणं हातात घेऊन मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. आता त्या काय म्हणतात?

त्या म्हणाल्या, "मंग? लेकराच्या जीवावर आलं तं कायचा इटाळ न् काय? मी असती तं मीबी गेली असती."

आणि पंगत पुन्हा जेवू लागली.

मी देवळामागे जाऊन भिंतीला टेकून बसले. देवाचा उंबरा ज्या बाईनं एवढ्या सहज माफ केला, तिनं नाल्यापलीकडचा उंबराही माफ केला असता का? कदाचित केला असता. कदाचित रांजणासारखं मलाही बाहेर काढलं असतं. मला ते कधीच कळणार नव्हतं, कारण मी त्यांना खरं सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना घाबरून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. त्या घरात माझं लेकरू वाचलं, हे चारचौघांत म्हणायची मलाच लाज वाटत होती.

तिथंच मी ठरवलं. आधी त्या बाईची माफी मागायची आणि मग सासूबाईंना सगळं सांगायचं, पुढे जे होईल ते होईल. कोणाला न सांगता चार रोडगे आणि भाजी टोपलीत घेतली आणि ऊन उतरायच्या आत नाला ओलांडला. काय बोलायचं ते वाटेत तोंडातल्या तोंडात म्हणत गेले.

ती दारापुढे भिंतीला ओली माती लिंपत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. मला पाहून उठली आणि माझ्या मागे पाहिलं. मुलगी नव्हती.

"लेकरू कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणाले आणि टोपली पुढे केली.

तिनं आत पाहिलं. "देवाचं आम्ही आता घेत नाही बाई," ती शांतपणे म्हणाली. "राग नका मानू."

देवळापुढची पंगत तिथून दिसत होती, मारुतीची हकिकत सांगणारा सासूबाईंचा आवाजही ऐकू येत होता. ती थोडी जवळ आली आणि आवाज खाली केला. "तुम्ही भेऊ नका. तुमच्या पोरीले मी पाजलं, हे मी कोनालेच सांगितलं नाही. बुढीलेबी बजावून ठेवलं. तुमच्या घरी कोनाले कळनार नाही."

वाटभर घोकलेलं सगळं माझ्या तोंडात होतं. मी म्हणाले, "बरं केलं."

ती पुन्हा खाली बसली आणि लिंपायला लागली. मी टोपली घेऊन परत निघाले. नाला ओलांडताना मला हलकं वाटत होतं, मनावरचं ओझं उतरलं होतं. आता कोणालाच काही सांगायची गरज नव्हती. खोटं बोलले त्याची लाज तर वाटतेच. पण तिच्या त्या बोलण्यानं मला मनापासून बरं वाटलं होतं, त्याची लाज मला जास्त वाटते.