मास्तरांसाठी अंड्याचं कालवण

मीनाक्षीबाईंना अंड्याची किळस होती म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. शाहूपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत टोमॅटोसुद्धा कधी शिरला नव्हता. कापला की मांसासारखा दिसतो, म्हणून त्याला बंदी. आणि १९५३च्या उन्हाळ्यात त्या घरात अंडी शिजायची होती! नवरा त्र्यंबकराव शाळामास्तर. क्षयानं त्यांची पार काडी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं, "औषध मी देतो, पण अंगात ताकदच नसेल तर माणूस हाती लागायचा नाही. रोज दोन अंडी पोटात गेलीच पाहिजेत."

दूध घालणाऱ्या तानाबाईनं अंडी आणून दिली, वर कृतीही सांगितली. कांदा-टोमॅटो चांगला परतायचा, कांदा-लसणाची चटणी घालायची, अंडी उकडून रश्शात सोडायची. स्वयंपाकघर बाटायला नको म्हणून बाईंनी मागं न्हाणीशेजारी शेगडी मांडली आणि पोचे आलेलं जर्मनचं पातेलं काढलं. एका अंड्याला पीस चिकटलं होतं. दुसऱ्याला काय चिकटलं होतं ते त्यांनी बघितलंच नाही. टोमॅटोच्या बुळबुळीत बिया बोटांना लागल्या तशी अंगावर शिसारी आली. नाकाला पदर लावून त्यांनी उकडलेली अंडी सांडशीनं उचलली आणि भरल्या वांग्यांसारखी तशीच रश्शात सोडली. ती सोलायची असतात हे त्यांना कुठून ठाऊक? तानाबाईच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती.

मास्तरांनी डोळे मिटून चावा घेतला आणि कडकन आवाज झाला. तोंडातलं सगळं ताटात थुंकून ते आतडी पिळवटेपर्यंत ओकले.

"पुन्हा ही घाण माझ्यापुढं आणू नकोस. मेलो तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून तानाबाई हसत हसत खालीच बसली. "आवं वैनी, टरफलासकट खाया घातलासा व्हय मास्तरास्नी? नारळ काय करवंटीसकट खातासा?"

तिनं एक अंडं सोलून दाखवलं. दुसरं बाईंनी सोललं. त्या ओल्या, कोमट, गुळगुळीत गोळ्याला बोटं लागली आणि त्यांना उमासा आला. तरी सोललं.

ताट पुढं आलं तसे मास्तर भिंतीकडं तोंड करून पडले. मग काहीतरी सुचल्यासारखे वळले.

"तू आधी खा. तू खाल्लंस तर मी खाईन."

बायको प्राण गेला तरी अंड्याला तोंड लावणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. काय ही मास्तरी अक्कल! मीनाक्षीबाईंना त्या घटकेला अंड्यापेक्षा समोरच्या माणसाची जास्त किळस आली. मरायचं ते मरायचं, तेही बायकोच्या सोवळ्याआड लपून!

बाई ताटासमोर मांडी घालून बसल्या. पोळीच्या तुकड्यात अर्धं अंडं धरून त्यांनी तोंडात कोंबलं. पिवळा बलक टाळ्याला चिकटला. घशाशी आलेलं तोंड दाबून परत गिळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मास्तर धडपडत उठून बसले. "अगं, थुंक ते. थुंक म्हणतो ना!"

त्या थुंकल्या नाहीत. आ करून त्यांनी रिकामं तोंड नवऱ्याला दाखवलं आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"आता जेवा."