विहिरीला वळसा

आमच्या विद्यापीठात नवे फलक लावायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा मला सगळ्यात जास्त राग यायचा गेटवरच्या वॉचमनकाकांचा. मुलांना कॅम्पस आपला वाटावा म्हणून मी जागोजागी निळे बाण लावले, आणि हे ग्रंथालयाचा रस्ता विचारणाऱ्याला सांगायचे, "विहिरीला वळसा घालून जा."

विहीर कुठेच नव्हती. ग्रंथालयासमोर नुसता फरशीचा चौक होता. काकांच्या गावाची शेतं विद्यापीठासाठी घेतली, तेव्हाच तिथली विहीर बुजवली होती.

एकदा मी चिडून म्हणाले, "काका, बाण सरळ दाखवतोय ना?"

"म्याडम, तिथं पानी हाय," म्हणत ते चौकाच्या कडेकडेने निघून गेले.

गेल्या वर्षी काका वारले. परवा भर दुपारी मी ग्रंथालयाच्या पायरीवर उभी होते. मुलं माझ्या बाणाखालून येत होती, पण चौकाच्या मधोमध कोणीच पाय ठेवत नव्हतं. एका मुलीला विचारलं, तर म्हणाली, "सगळे असेच जातात, मॅडम."

माझं डोकं फिरलं. मुद्दाम मधूनच चालायचं ठरवून मी तरातरा खाली उतरले.

चौकाच्या मध्यावर येण्याआधीच माझे पाय आपोआप कडेला वळले.