काकूंनी माझ्या परीक्षेपर्यंत सांभाळलेलं घर

अब्बा अमिरातीतल्या रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात फोरमन होते. सातवीपर्यंत मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात मराठी शाळेत शिकले, मग अम्मी आणि मी त्यांच्याकडे राहायला आलो. मला इंजिनिअर व्हायचं होतं, पण तिथल्या आमच्या शाळेत दहावीनंतर सायन्स नव्हतं. दुबईच्या एका शाळेत प्रवेश मिळाला, पण रोज इतक्या लांब जाऊन-येऊन करणं जमणारं नव्हतं. अब्बा नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. ते कारखाना सोडून दुबई मरीनातल्या एका ऑफिसात लागले होते आणि तिथल्याच इंटरनॅशनल सिटी या वस्तीत राहत होते.

"पोरीला आमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "मुलगा कॅनडाला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच आहे."

साहेब आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काका-काकू म्हणू लागले, मूळचे पुण्याचे. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. अम्मीला माझ्या नमाजाची काळजी होती. बॅगा आत ठेवताना काकूंनीच अब्बांना विचारलं, "नमाजाला तोंड करायचं तो किब्ला कुठल्या बाजूला येतो हो? म्हणजे त्या भिंतीला कपाट नको लावायला."

पहिल्या रोज्याला संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली. "काकू, रोजा आहे, एकादशी नाही," मी हसत म्हटलं. त्या ओशाळल्या. "मला वाटलं, उपास तो उपास." खजूर खाऊन मी ती सगळी खिचडी संपवली.

काका सकाळी ऑफिसला जाताना मला शाळेत सोडत. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की त्यांचा वर्ग सुरू होई. "आता मी ब्रेक दाबला तर तू पुढे का जातेस?"

"इनर्शिया."

"ते पुस्तकातलं झालं. माझ्या आईला समजेल असं सांग."

मी मराठीत सांगू लागे. ते मान डोलवत, मधूनच म्हणत, "हं, मग पुढे?" त्यांचा मुलगा याच गाडीतून, याच रस्त्याने शाळेत गेला होता आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला त्याने इंग्रजीतच उत्तर दिलं होतं. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. एका सकाळी मला शाळेत सोडून काका ऑफिसला गेले आणि तिथे लिफ्टमधून बाहेर पडताना कोसळले. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला वर्गातून बोलावून घेतलं. शाळेच्या ऑफिसात अब्बांचा फोन चालू होता. ते रास अल खैमाहून निघालेही होते.

मुलाला लगेच विमान मिळेना. मग काकांना पुण्याला न्यायची सगळी धावपळ अब्बांनी केली. शवागार, वकिलात, विमान कंपनी. मी काकूंचा हात धरून त्यांच्या मागे होते. एका खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?"

"भाऊ," अब्बा म्हणाले.

त्याने दोन्ही पासपोर्टांवरची नावं वाचली, अब्बांकडे बघितलं, अरबीत "खलास", म्हणजे झालं, म्हणाला आणि शिक्का मारला.

काकू त्याच विमानाने गेल्या. मी रास अल खैमाला परतले. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. दिवसकार्य झाल्यावर काकूंचा फोन आला, "मी येतेय. तूही ये."

त्यांचा व्हिसा काकांच्या नावावर होता. आज ना उद्या घर सोडावं लागणारच होतं. काकू परत आल्यावरही मुलाचं म्हणणं तेच, पुन्हा जायची गरज काय होती, सामान कुणीही पॅक करेल. तो फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"आई, व्हाय पुट युवरसेल्फ थ्रू धिस?"

"तिचे पेपर आहेत," काकू म्हणाल्या. "ते झाले की मी सोडते घर."

घर थोडं थोडं रिकामं होत गेलं. सोफा गेला, काकांचा पलंग गेला. जुनं फर्निचर घेणारा माणूस जेवणाच्या टेबलासाठी आला, तेव्हा काकू दारातच उभ्या राहिल्या. "टेबल अभी नहीं मिलेगा. लड़की का फिजिक्स है."

"मॅडम, गाडी लेके आया हूँ."

"तो गाडी वापस लेके जाओ."

काकूंना फिजिक्स येत नव्हतं. तरी त्या समोर बसत आणि मला सगळं मोठ्याने सांगायला लावत. एका संध्याकाळी मी एक गणित समजावता समजावता अडले. काकू अगदी सहज म्हणाल्या, "हं, मग पुढे?"

 मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मी गणित पुरं केलं. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात अब्बांनी काकूंना विमानतळावर सोडलं. आत जाताना त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायचं असावं, पण मागची माणसं ट्रॉल्या पुढे ढकलत होती.

मला चांगले मार्क पडले. मी इंजिनिअर झाले, दुबईत नोकरीला लागले. काकूंना पुण्यात एकटं राहणं झेपेना, म्हणून मुलाने त्यांना कॅनडाला नेलं. मी फोन करायची. "सगळे चांगले आहेत गं," त्या म्हणत, "पण दिवसभर तोंड उघडायला कुणी नाही." पुढे पुढे त्यांचं बोलणं तुटक होत गेलं. एकदा त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"चांगला गेला, काकू."

"मग आता जेव आणि झोप जरा."

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा मेसेज आला. मी वाचला तोवर तिकडे अंत्यसंस्कारही उरकले होते. मी अर्धा दिवस रजा टाकून रास अल खैमाला गेले. अब्बांना हे फोनवर सांगवेना.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "आपल्यातलं कुणीतरी तिथे असायला हवं होतं."

"कॅनडाला कोण जाणार होतं, अब्बा?"

 अम्मीने ताटं वाढली. अब्बा हात धुऊन येऊन बसले, पण ताटाला हात न लावता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.