ठोकाभाऊंचे तज्ज्ञ

शालू, ये, जवळ बस. आणि आधी डोळे पूस. ऑपरेशनात जावईबापूंचा डोळा गेला, आणि तू म्हणतेस, "मावशी, आज ठोकाभाऊ असते तर त्या डॉक्टरला कोर्टात उभा केला असता!" माणूस मेला की शहाणा होतो, असं कोणी शिकवलं गं तुला?

कोणाची सुई पिको, कोणाचं प्लास्टर चुको, सेलूच्या स्टँडवरून ठोकाभाऊ हजर. अंगात काळा कोट. वकिलीचा नव्हे, स्वतःच्या लग्नातला! "ठोका केस!" एवढाच त्यांचा कायदा. नावही त्यावरूनच पडलं.

माझ्या जाऊबाईंचं मनगट ऑपरेशननंतर वाकडं जुळलं. ग्राहक आयोगात तक्रार करायचं ठरलं. वर्ध्याचे वकील म्हणाले, डॉक्टरची चूक दुसऱ्या तज्ज्ञाकडून लिहून आणा. भाऊ हसले. "तज्ज्ञ? वैनी, तज्ज्ञ माह्या खिशात हाये!" आणि आणला कोणाला? हिंगणीकडचा हाड बसवणारा बुवा! त्याने मनगट चाचपलं, नाक मुरडलं आणि खुशाल कागदावर अंगठा उठवून दिला.

वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्याच विषयातला डॉक्टर लागतो!"

"काऊन? यानं तं बैलाचे पाय जोडले!"

वरून भाऊच रुसले. म्हणे, वकील डॉक्टरले मिळाला. दवाखान्याचे कागदही मागू देईनात. "मांगू नोका, सावध होतीन!" आमच्या जाऊबाई भोळ्या, त्यांचंच ऐकत राहिल्या. तक्रारीची दोन वर्षांची मुदत निघून गेली. आयोगाने विचारलं, उशिराला कारण काय? कारण बाहेर बाकावर बसून शेंगा खात होतं! तक्रार दाखलच झाली नाही. भाऊ म्हणाले, "निकाल लागला नाई, म्हंजे आपण हरलो नाई."

पुढे मात्र रोज सकाळी येऊन जाऊबाईंची कणीक मळून द्यायचे. तीही दगडासारखी! खोट जिवात नव्हती त्यांच्या, डोक्यात होती. गेले तेव्हा सगळ्यांत जास्त जाऊबाईच रडल्या.

तू रडत बसू नको. दवाखान्यात लेखी अर्ज दे, सगळे कागद माग, पोच घे. मग नागपूरला डोळ्याच्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. चूक झाली नाही म्हणाला, तर तेही ऐकून घ्यायचं, बरं का. झाली म्हणाला, तर लिहून घ्यायचं आणि थेट वकील गाठायचा. दोन वर्षं लई वाटतात पोरी, सरताना कळत नाहीत. जावईबापूंना हाताला धरून आणजो. या सोमवारीच येजो.